चार बोटं ढील

ओपुवोपासून नव्वद किलोमीटरवर, नदीच्या कोरड्या पात्रात
एका दगडाने आमचा टाय रॉड धनुष्यासारखा वाकवला.
पुढची दोन्ही चाकं तिरळी झाली,
आपल्याच नाकाकडे बघत थांबली.
मागे लशींचा फ्रिज घुरघुरत होता.
नर्स काविरे म्हणाली, बर्फ उद्या दुपारपर्यंत. फार तर.

मोपानेचा ओंडका आडवा घालून, जॅक लावून
मी रॉड सरळ केला.
सरळ म्हणजे, साक्ष फिरवलेल्या माणसाइतका सरळ.
ताशी पंधराने परत आलो.
टायर वाटभर किरकिरत होते.

वेतारुहे गाडीखाली सरपटला.
"कितव्यांदा?"
तिसऱ्यांदा.
"मग दगडाला कशाला शिव्या देतेस?
हा दांडा अॅक्सलच्या पुढे असा लोंबतोय,
दगडांना वाटत असेल, बोलावलंय."

रॉड वर न्यायचा ठरला, पाट्यांच्याही वरून.
त्यासाठी नवे आर्म, जाड नळी,
आणि चेसिसला टेकू नये म्हणून
बंप स्टॉपखाली दोन बोटं लोखंड.
पैसे दवाखान्याने अर्धे दिले. उरलेल्यात माझी एक कालवड गेली,
तपकिरी, डाव्या कानाची.

जुना बॉल जॉइंट सुटेना.
मी खिळ्यावरच घण घालत होते.
त्याने माझा हात धरला:
"त्याला नको. तो ज्या घरात रुतलाय त्या घराला मार,
दोन्ही बाजूंनी, एकदम."
दोन हातोडे, एक ठणका,
आणि अकरा वर्षं न हललेली वस्तू
टपकन वाळूत पडली.

नळीच्या एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे.
नळी फिरवली की दोन्ही टोकं बरोबरच बाहेर येतात
नाहीतर बरोबरच आत जातात.
मला हे इतकं आवडलं की मी उगीचच चार वेळा फिरवली.
तो ओरडला.
मग खडूची खूण, फीत, पुढून माप, मागून माप.
पुढून दोन मिलिमीटर कमी.
नट आवळले, स्प्लिट पिनचे पाय फाकवले,
ग्रीस कडेने डोकावेपर्यंत भरलं.

सगळं नीट झालं, आणि दुसऱ्या दिवशी
पहिल्याच वळणावर मी गाडी काटेरी झुडपात घातली.

याचं कारण माझा बाप.
माझ्याआधी हीच गाडी तो चालवायचा, मला शिकवली त्यानेच.
तेव्हाच स्टिअरिंगला चार बोटं ढील होती:
हात वळायचे आणि चाकांना ते मागाहून कळायचं.
तो म्हणायचा, वळण दिसायच्या आधी वळ.
डावीकडे ओढते, म्हणून उजवीकडे जरासं मन ठेव.
मी ते गाडी चालवणं समजले.
ती त्या गाडीच्या दुखण्याची शुश्रूषा होती.

आता हातात काही येण्याआधी चाकं निघालेली असतात.
एकेक खडा तळहाताला सांगितला जातो.
आणि माझे हात,
जे आता तिथे नाही
ते सावरत राहतात.

रविवारी बापाला म्हटलं, बस, चालवून बघ.
त्याने ओमाएरेचा भोपळा खाली ठेवला, ओठ पुसले,
कुंपणापर्यंत गेला आणि परत आला,
दोन्हीकडे झुलत, नव्या बैलासारखा.
उतरला. दार हळूच लावलं.
"चांगली आहे," म्हणाला. "कुणाची आहे?"

वाकडा रॉड मात्र तो घेऊन गेला.
शेळ्यांच्या वाड्याच्या फाटकाला अडसर म्हणून लावलाय.
फाटक ढकललं की चार बोटं उघडतं,
मग अडतं.
एक करडू रोज तेवढ्यातून बाहेर येतं,
आणि तो ते दुरुस्त करत नाही.